विश्वस्त मंडळ आणि संस्थाप्रमुख यांच्यासाठीची सल्लासेवा : एका खजिनदाराचा अभिप्राय

स्वयंसेवी संस्थांना हिशेब, लेखापरीक्षण, परदेशी देणग्यांची परवानगी, सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचे) प्रस्ताव अशा कामांसाठी सल्लागार सहज मिळतात. विश्वस्त मंडळ आणि संस्थेचा रोजचा गाडा ओढणारा पगारी प्रमुख यांचे आपसांतले कामकाज सुरळीत व्हावे म्हणून मोबदला देऊन बाहेरच्या व्यक्तीची मदत घेणे मात्र आपल्याकडे अजून रुळलेले नाही. आमच्या संस्थेने गेल्या वर्षी अशी सेवा घेतली. सातारा जिल्ह्यात आम्ही ग्रामीण मुला-मुलींसाठी वसतिगृहे चालवतो आणि मी संस्थेचा विश्वस्त व खजिनदार आहे. सेवा देणाऱ्या पुण्यातील गटाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण अभिप्रायात काही उणिवाही मांडल्या आहेत आणि याच धर्तीची सेवा देणारे इतरही गट आता आहेत. कोणाकडूनही घेतली तरी त्यात नेमके काय असावे आणि काय तपासून घ्यावे, हे इतर संस्थांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे.

आमची गरज कशी निर्माण झाली ते आधी सांगितले पाहिजे. संस्था उभी करणाऱ्या पिढीने सगळे स्वतःच्या हातांनी केले. वर्गणी गोळा करणे, मुलांच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत खेटे घालणे, वसतिगृहाचा किराणा भरणे ही सारी कामे विश्वस्तच करत, त्यामुळे विश्वस्त कोण आणि कार्यकर्ता कोण हा प्रश्नच नव्हता. पुढे काम वाढले, कंपन्यांचा निधी आला, अहवाल वेळेवर देणे भाग पडले आणि पूर्णवेळ कार्यकारी संचालक नेमाव्या लागल्या. संस्थेची घटना मात्र जुनीच राहिली. तिच्यात कार्यकारी संचालक हे पदच नाही. सर्व अधिकार अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांच्या नावे आहेत. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आणि त्याचबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंद असलेल्या कितीतरी संस्था आज याच अवस्थेत आहेत. कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायित्व विश्वस्तांचे, माहिती सगळी संचालकांकडे, आणि या दोहोंना जोडणारी लेखी व्यवस्था कोठेच नाही.

आमच्यात भांडण नव्हते, हे मला आग्रहाने नमूद करावेसे वाटते, कारण अशी सेवा फक्त भांडणाऱ्या संस्थांसाठी असते असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. आमच्याकडे होता तो एक प्रकारचा संकोच. विषयपत्रिका सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येत असे. तिच्यावरचे विषय पाच-सहा, आणि 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीखाली सभेचा अर्धा वेळ जात असे. विश्वस्त परस्पर वसतिगृहांच्या अधीक्षकांना फोन करून सूचना देत आणि संचालकांना त्या दुसऱ्या दिवशी कळत. एका कंपनीचा निधी पुढील वर्षी मिळणार नाही ही बातमी मंडळाला वार्षिक सभेच्या तोंडावर समजली. संचालकांना ती बरीच आधी ठाऊक होती, परंतु पर्यायी निधीची सोय झाल्यावरच सांगावे असे त्यांना वाटत होते. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला होता आणि तरीही दोन्ही बाजू एकमेकींना थोड्या थोड्या टाळू लागल्या होत्या.

सेवेचे स्वरूप साधे आहे. आधी प्रत्येक विश्वस्ताशी आणि संचालकांशी स्वतंत्र बोलणे, मग घटना, प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्तांची वही) व मागील काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचणे, त्यानंतर सर्वांचे एकत्र निवासी सत्र आणि पुढे वर्षभर मंडळाच्या सभांना सल्लागाराची उपस्थिती. आमच्याकडे आलेल्या सल्लागार बाईंनी स्वतः एका संस्थेची धुरा सांभाळलेली होती आणि आज त्या दुसऱ्या एका संस्थेच्या विश्वस्त आहेत. त्यांना दोन्ही खुर्च्यांचा अनुभव असल्याने कोणालाच आपल्यावर खटला चालला आहे असे वाटले नाही. सल्लागार निवडताना ही गोष्ट मी सर्वांत वरची मानेन.

निवासी सत्रातील एक उपक्रम सविस्तर सांगण्यासारखा आहे. प्रत्येकाला एक कोरा कागद देण्यात आला आणि त्यावर तीन रकाने आखायला सांगितले : 'हे मी ठरवतो किंवा ठरवते', 'हे मला विचारून ठरते' आणि 'हे मला ठरल्यावर कळते'. मग मागील वर्षातले वीसेक विषय फळ्यावर लिहिले गेले. अधीक्षकांची बदली, नवीन प्रवेशांची यादी, गाडीची खरेदी, स्वयंपाकीणबाईंची पगारवाढ, कंपनीशी केलेल्या करारावरची सही, अंदाजपत्रकातील तूट असे ते विषय होते. आपसांत न बोलता प्रत्येकाने ते आपापल्या रकान्यांत बसवायचे होते. कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा अधीक्षकांची बदली हा विषय अध्यक्षांच्याही पहिल्या रकान्यात होता आणि संचालकांच्याही.

अध्यक्षांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते संचालकांना म्हणाले, "अहो ताई, तो अधीक्षक आपल्याच वसतिगृहात लहानाचा मोठा झाला. माझ्या मुलासारखा आहे. त्याची बदली मला न विचारता कशी होईल?" संचालक थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अण्णा, तो तुमच्या मुलासारखा आहे म्हणूनच माझं ऐकत नाही. हे तुम्हाला सांगायचं धाडस मला आजवर झालं नाही." सल्लागार बाईंनी कोण बरोबर हे ठरवण्याच्या भानगडीत न पडता घटनेत यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. घटनेत काहीच नव्हते. मग त्याच बैठकीत मजकूर ठरला : कर्मचाऱ्यांच्या बदलीचा निर्णय संचालकांचा, अधीक्षक पदाच्या बाबतीत तो अमलात येण्यापूर्वी अध्यक्षांना कळवायचे, संमती मागायची नाही. अण्णांनी हे वाक्य दोनदा वाचले, 'कळवायचे' या शब्दापुढे 'प्रत्यक्ष भेटून' असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली.

याहून बोलके निघाले ते अंदाजपत्रकातील तुटीचे. तो विषय कोणाच्याच पहिल्या रकान्यात नव्हता. मंडळाला वाटत होते की तूट भरून काढण्याचा मार्ग संचालक ठरवतील आणि आपल्याला विचारतील. संचालकांना वाटत होते की हा निर्णय मंडळाचा आहे आणि आपल्याला विचारले जाईल. दोघांचे अधिकार एकमेकांवर चढतात तेथे खटका उडतो आणि तो सर्वांना दिसतो. जेथे दोघांपैकी कोणाचाच अधिकार पोहोचत नाही तेथे काहीच आवाज होत नाही, आणि संस्थेचे खरे नुकसान तेथेच होते. केवळ हे एक निरीक्षण हाती लागले असते तरी मी या सेवेची शिफारस केली असती.

त्या कागदांवरून पुढे अधिकारांचा तक्ता तयार झाला. किती रकमेपर्यंतचा खर्च संचालकांनी स्वतःच्या अधिकारात करावा, कितीच्या वर खजिनदारांची संमती घ्यावी आणि कितीच्या वर मंडळाचा ठराव हवा, हे त्यात आकड्यांनिशी आहे. आमच्या आग्रहावरून त्यात आणखी एक रकाना घातला गेला, ज्या बाबतीत मंडळाच्या ठरावानेही भागत नाही त्यांचा. संस्थेची स्थावर मिळकत विकणे किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे यासाठी १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि कर्ज काढण्यासाठीही त्यांची मंजुरी घ्यावी लागते. विश्वस्त बदलले तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांना संस्थेतून दिल्या जाणाऱ्या रकमा वाजवी मर्यादेत असाव्या लागतात, अन्यथा आयकरातील सवलत धोक्यात येते. या गोष्टी संचालकांच्या डोळ्यांसमोर रोज असतील तर मंडळ 'आडवे येते' असे त्यांना वाटत नाही, आणि मंडळालाही आपला नकार व्यक्तिगत वाटू न देता कायद्याच्या आधाराने देता येतो.

विषयपत्रिकेची पुनर्रचना हा सेवेतील दुसरा महत्त्वाचा भाग. आता विषयपत्रिका आणि तिच्यासोबतची टिपणे सभेच्या सात दिवस आधी पोचतात. प्रत्येक विषयापुढे तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी, हे लिहिलेले असते. माहितीचे विषय वाचून आलो असे गृहीत धरून त्यांवर वेळ दिला जात नाही. मागील इतिवृत्त कायम करण्याआधी मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली याचा एक पानी तक्ता समोर असतो आणि त्यात काही कामे संचालकांच्या नावावर तर काही विश्वस्तांच्या नावावर असतात. विश्वस्तांच्या नावांपुढेही 'प्रलंबित' असा शेरा दिसू लागल्यावर सभेतला सूर बदलला, हे मी स्वतः पाहिले आहे. आयत्या वेळच्या विषयांवर आता निर्णय होत नाहीत. ते फक्त पुढील सभेसाठी नोंदवले जातात, तातडीची बाब असेल तर तिची तातडी इतिवृत्तात लिहावी लागते.

सभेच्या शेवटी पंधरा मिनिटे फक्त विश्वस्तांची बैठक ठेवावी, त्या वेळी संचालक बाहेर थांबतील, ही सूचना मला आरंभी पटली नव्हती. ज्या संस्थेत एकमेकांविषयी संकोच आहे तेथे अशा बंद दाराआडच्या बैठकीने तो वाढेल असे वाटत होते. परंतु ती दर सभेत होते, विषय असो वा नसो, आणि तिच्यात काय बोलले गेले ते अध्यक्ष त्याच दिवशी संचालकांना सांगतात, या दोन अटींमुळे तिची धास्ती राहिली नाही. एरवी अशी बैठक एखाद्या प्रसंगीच बोलावली जाते आणि मग ती बोलावली यातूनच नको तो अर्थ काढला जातो.

रोजच्या नात्यावर सर्वाधिक परिणाम झाला तो संचालकांच्या मासिक पत्राचा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या विश्वस्तांना एक पानाचे पत्र पाठवतात. त्यात काय नीट चालले आहे, काय बिघडले आहे किंवा बिघडू शकते आणि विश्वस्तांकडून काय मदत हवी आहे, एवढेच असते. बिघडण्याच्या शक्यतेचा परिच्छेद कोरा सोडायचा नाही, हा नियम आहे. पहिल्या पत्रात त्यांनी एका वसतिगृहातील मुलींची गळती वाढल्याचे लिहिले, आणि आमच्यापैकी निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या विश्वस्त स्वतः त्या गावांत जाऊन पालकांना भेटल्या. पूर्वी हीच माहिती वर्षाच्या शेवटी आकडा म्हणून आली असती आणि तिच्यावर स्पष्टीकरण मागितले गेले असते. पत्राच्या जोडीला अध्यक्ष आणि संचालक यांची महिन्यातून एक भेट ठरलेली आहे, आणि ती फोनवर उरकायची नाही असे दोघांनी कबूल केले आहे.

कर्मचारी परस्पर विश्वस्तांकडे तक्रार घेऊन आले तर काय करायचे, यावरची चर्चा मात्र लांबली आणि ती लांबली हेच योग्य झाले. सर्वसाधारण नियम असा ठरला की विश्वस्ताने ऐकून घ्यावे, आश्वासन देऊ नये आणि त्या कर्मचाऱ्याला संचालकांकडे पाठवावे. परंतु या नियमाला अपवाद हवेतच. पैशांच्या अफरातफरीचा संशय असेल तर तो थेट अध्यक्ष व खजिनदारांकडे आला पाहिजे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे गेली पाहिजे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती बंधनकारक आहे, आणि तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. वसतिगृहातील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे हे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य आहे. तेथे मंडळाची सभा, अध्यक्षांची परवानगी किंवा संस्थेची अब्रू यांपैकी कशाचीही वाट पाहायची नसते. सल्लागार बाईंच्या मूळ मसुद्यात हा शेवटचा मुद्दा नव्हता. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थांनी अशी सेवा घेतली तर तो पहिल्याच दिवशी मसुद्यात घालून घ्यावा.

वाचनासाठी दिलेल्या साहित्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांवरचे एक टिपण होते आणि ते मला फार आवडले. १८८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेतून टिळक १८९० साली राजीनामा देऊन बाहेर पडले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे व बाहेरची मिळकत स्वीकारावी का, संस्थेला दिलेला वेळ नेमका किती मानायचा, हे त्या वेळच्या वादातले मोठे प्रश्न होते. इतक्या निष्ठावान आणि एकाच ध्येयाने झपाटलेल्या माणसांतही त्यागाच्या मर्यादेविषयीच्या कल्पना वेगळ्या असू शकतात, हे त्या टिपणातून आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांपर्यंत जितके पोचले तितके कोणत्याही व्याख्यानातून पोचले नसते. संचालकांना पगार किती असावा, त्यांनी रविवारी फोन उचलावा का, हे विषय त्यानंतरच मोकळेपणाने बोलले गेले.

आता उणिवांविषयी. साहित्याचा मोठा भाग अमेरिकेतील संस्थांवरून घेतलेला आहे आणि तो तसा असल्याचे पानोपानी जाणवते. तेथे विश्वस्ताने निधी उभारून आणावा अशी उघड अपेक्षा असते. आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर, एक शेतकरी आणि याच वसतिगृहात शिकून नोकरीला लागलेला एक तरुण आहे. त्यांची संस्थेला असलेली गरज वेगळ्या प्रकारची आहे आणि तिची नोंद घेणारा एकही रकाना त्या नमुन्यांत नव्हता. प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर इतके अवघड होते की अण्णांनी ती बाजूला ठेवून तोंडी उत्तरे दिली. मराठीत काम करणाऱ्या संस्थांकडून शुल्क घ्यायचे असेल तर मराठीत विचार करून लिहिलेले साहित्य देणे ही किमान अपेक्षा आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. धर्मादाय कार्यालयातील कामकाजाची या गटाला पुरेशी माहिती नव्हती. आमच्या दोन नव्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट प्रलंबित होता, त्यामुळे परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीत, जुनीच नावे होती आणि बँकेतील सह्यांचा प्रश्न अडकलेला होता. नवे मंडळ आणि संचालक यांच्यातील संबंध कसे असावेत याची चर्चा चालू असताना कायद्याच्या कागदावर मंडळच वेगळे आहे, ही अडचण सल्लागारांनी आधी ओळखायला हवी होती. शेवटी आम्हाला आमच्या वकिलांना सत्रात बोलवावे लागले आणि त्यांची फी वेगळी द्यावी लागली. महाराष्ट्रात ही सेवा देणाऱ्यांनी न्यास नोंदणीचे काम जाणणारा वकील आपल्या गटातच ठेवला पाहिजे.

संचालकांच्या वार्षिक मूल्यमापनासाठी दिलेला नमुना चांगला आहे. उद्दिष्टे वर्षाच्या आरंभी लेखी ठरतात, दोन विश्वस्त ते काम पाहतात, आणि संचालकांनीही मंडळाच्या कामावर लेखी मत द्यायचे असते. मात्र विश्वस्तांच्या निवडीबाबत, म्हणजे तीच ती माणसे किती वर्षे राहावीत, एकाच घरातील किती जण असावेत, याबाबत सल्लागारांनी हात आखडता घेतला. विषय नाजूक आहे हे मान्य. पण मंडळ आणि संचालक यांच्यातील बहुतेक ताणांचे मूळ मंडळाच्या रचनेतच असते आणि बाहेरच्या माणसाने ते बोलून दाखवावे म्हणूनच तर त्याला बोलावलेले असते.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही लेखापरीक्षकांना वर्षाला जे शुल्क देतो त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम लागली. निवासाचा खर्च वेगळा. सीएसआरच्या निधीतून अशा कामासाठी पैसे मिळवणे कठीण जाते, आणि विश्वस्तांनी तो खर्च वैयक्तिक देणग्यांतून उभा केला. छोट्या संस्थांना हे परवडणार नाही. त्यांनी एकाच तालुक्यातील दोन-तीन संस्था मिळून निवासी सत्र घ्यावे आणि सभांना सल्लागार बोलावण्याऐवजी एकमेकांचे विश्वस्त निरीक्षक म्हणून बोलवावेत, असे मी सुचवीन. रकान्यांचा कागद, विषयपत्रिकेचा नमुना आणि मासिक पत्र या तिन्हींसाठी बाहेरच्या कोणाची गरज नाही. अण्णा आणि ताई यांच्यात झाले तसे बोलणे घडवून आणण्यासाठी मात्र आहे, आणि शुल्काची खरी किंमत तेथेच वसूल होते. ज्या संस्थेत संस्थापकच प्रमुख आहेत आणि विश्वस्त केवळ सह्यांपुरते आहेत, तेथे मात्र ही सेवा घेऊन उपयोग नाही. आधी विश्वस्तांनी संस्थेचे हिशेब मागून वाचायला सुरुवात करावी.

आम्ही पुढील वर्षासाठी करार वाढवला आहे, पण फक्त मूल्यमापन आणि मंडळाच्या रचनेवरील एका सत्रापुरता. साहित्य मराठीत नव्याने लिहून द्यावे आणि सत्राला न्यास नोंदणीचे वकील उपस्थित असावेत, या दोन अटी करारात लेखी घातल्या आहेत आणि गटाने त्या मान्य केल्या आहेत.